आवाज करायचा कुठे?

जुलैच्या पावसात डोंबिवलीतल्या कुठल्याही तबल्याच्या क्लासात जा, बोलांपेक्षा हातोडीचा आवाज जास्त ऐकू येतो. हवेतला दमटपणा पुडीत शिरतो, कातडे सैल पडते आणि सकाळी काळी चारला लावलेला तबला दुपारपर्यंत खाली आलेला असतो. मग गट्टे ठोकायचे, गजऱ्यावर हातोडीचे हलके घाव घालत एकेक घर कानाने तपासायचे, सोळाही घरे एका सुरात बोलू लागली की मगच पहिला ‘धा’. हे सगळे खिडक्या बंद करून. समोरच्या इमारतीची गॅलरी हाताच्या अंतरावर, वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेला कुणीतरी झोपलेला, खालच्या मजल्यावर दहावीचा अभ्यास. घामाघूम झालेली सात-आठ मुले आणि मधोमध मोबाइलवर लावलेला तानपुरा.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो साधा होता: ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले कलावंत आपल्या कामाबद्दल काय बोलतात ते पाहा. अपेक्षा होती घराण्यांची, गुरूंची, सुचण्याच्या क्षणांची. ते विषय निघतातही. पण गायक असो, ढोलवाला असो की शिल्पकार, बोलणे फार वेळ सुरांवर किंवा मातीवर टिकत नाही. ते जागेवर येते. तालीम कुठे करता? सामान कुठे ठेवता? किती वाजेपर्यंत वाजवू देतात? या पट्ट्यात ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती आवाज करायला मिळणाऱ्या चार भिंतींची, आणि इथल्या कलेचा आकारही बराचसा त्या टंचाईनेच ठरवला आहे.

वीस किलोमीटरवरचे दोन महोत्सव

शास्त्रीय संगीतापासून सुरुवात करायची तर आधी कल्याण. कल्याण गायन समाज ही स्वातंत्र्याच्या आधीपासूनची संस्था. तिचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या नावाने भरतो. भास्करबुवा 1922 साली गेले. त्यांच्या शिष्यांत बालगंधर्व होते आणि मास्टर कृष्णरावही होते. आता रेल्वेने वीस किलोमीटर मुंबईच्या दिशेने या. ठाण्यात महापालिकेच्या वतीने पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव होतो. ‘प्रभात’च्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटात 1938 साली बाळकृष्ण झालेला हा मुलगा पुढे संगीत रंगभूमीवर गाजला आणि ठाणेकर झाला. त्यांच्या गुरूंपैकी एक मास्टर कृष्णराव. म्हणजे भास्करबुवा, कृष्णराव, राम मराठे अशी सरळ रेघ आहे. तिचे एक टोक कल्याणात साजरे होते, दुसरे ठाण्यात. लोकलमध्ये बसून दोन्हीकडे जाणारे रसिक अनेक असतील, पण आपण एकाच घराच्या दोन खोल्यांत जाऊन आलो हे त्यांतल्या थोड्यांच्याच लक्षात येत असेल.

महोत्सवाला सभागृह मिळते. प्रश्न उरलेल्या वर्षाचा असतो. ठाण्याला 1978 पासून गडकरी रंगायतन आहे, घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. कवीला नगराध्यक्ष करणाऱ्या गावाला (पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते, हे नव्या ठाणेकरांना सांगावे लागते) नाट्यगृहाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पण मोठे नाट्यगृह हे तयार झालेली गोष्ट दाखवण्याचे ठिकाण. शनिवार-रविवारच्या तारखांवर व्यावसायिक नाटकांचा डोळा असतो. चाळीस-पन्नास श्रोत्यांपुढे नवा राग मांडून पाहायचा असेल, चुकायचे असेल, तर हजाराच्या आसपास खुर्च्यांचे घर काय कामाचे? अशा वेळी उपयोगी पडतात ते वाचनालयांचे आणि शाळांचे हॉल, देवळांची सभागृहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, 1864 चे. कागदोपत्री ही पुस्तकांची घरे; प्रत्यक्षात गावातल्या बैठकांना सतरंजी अंथरायला जागा देणारीही अशीच घरे असतात.

आणि ज्यांनी सभागृहाची वाटच पाहिली नाही, असेही इथे आहेत. ठाण्यातले कट्टे. आचार्य अत्रे कट्ट्यावर माणसे बागेत जमून वक्त्याला ऐकतात. किरण नाकती यांच्या अभिनय कट्ट्यावर नवशिकी मुले एकपात्री, प्रहसने करून पाहतात. तिकीट नाही, पडदा नाही. प्रकाशयोजना म्हणजे आहे तो दिवा. चुकले तर पुढच्या वेळी पुन्हा.

डब्यातली बैठक

हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हापासून या गावांचा दिनक्रम वेळापत्रकाला बांधलेला आहे. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. जो वेळ घरी रियाजाला मिळाला असता तो डब्यात जातो. तर मग डब्यातच गावे, हा विचार कुणाला तरी पहिल्यांदा सुचला असणार, आणि तो सुचणारा भजनी होता.

लोकलमधल्या भजनी मंडळांवर हसणारे पुष्कळ, चिडणारे त्याहून जास्त. पण संगीताच्या अंगाने पाहिले तर ती चांगली शिस्तीची बैठक असते. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, दोन दारांमधला भाग ठरलेला. टाळ पिशवीत, पखवाजाऐवजी डब्याचा पत्रा किंवा मांडीवरची ब्रीफकेस. क्रमही घरच्या भजनासारखाच: आधी नमन आणि रूपाचा अभंग, मधे गजर, गवळण, उतरायची वेळ आली की भैरवी. फरक इतकाच की इथे भैरवी स्टेशन ठरवते. ठाण्याला गर्दी चढली की आवाज वर न्यावा लागतो, घाटकोपरनंतर सुटसुटीत होते, भायखळ्याला आवरते घ्यायचे. ज्याला बुवा म्हणतात तो एखाद्या बँकेतला किंवा गोदीतला माणूस असतो, आणि खालच्या पट्टीत सुरू करून हळूहळू चढवण्याचा त्याचा अंदाज असा पक्का असतो की शेवटचा गजर गाडी फलाटाला लागताना संपतो. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला तोरणे लागतात, विठोबाची तसबीर येते, पेढे वाटले जातात.

तक्रारीही खऱ्या आहेत. जागा अडवून ठेवणे, नव्या प्रवाशावर दादागिरी करणे, ज्याला शांतता हवी त्याला ती न मिळणे. रेल्वेने अशा मंडळांवर कारवायाही केल्या आहेत. डब्यातल्या बाराव्या माणसाला अभंग नको असेल तर त्याने कुठे जावे, या प्रश्नाला भजनी मंडळाकडे नीट उत्तर नाही. पण ज्या माणसाचे घर अडीचशे-तीनशे चौरस फुटांचे आहे, त्याला मोकळ्या गळ्याने गायला दिवसातली हीच एक जागा मिळते, हेही तितकेच खरे.

पुलाखालचे ढोल

गणपतीच्या दोन महिने आधीपासून उड्डाणपुलांखाली, बंद कारखान्यांच्या आवारात, खाडीकडेच्या मोकळ्या जागांत संध्याकाळी ढोल वाजू लागतात. पथकांची ही पद्धत पुण्याची. पण ती इकडे रुजायला स्वतःचे कारण होते. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. आबासाहेब पटवारी यांच्या पुढाकारातून निघालेली ती यात्रा ठाणे, गिरगाव करत राज्यभर गेली. लेझीम, झांज, ढोल यांना गणपतीखेरीज वर्षातला आणखी एक हक्काचा दिवस मिळाला. नऊवारी नेसून ढोल कमरेला बांधलेल्या मुलींची छायाचित्रे दरवर्षी पहिल्या पानावर येतात; त्या मुलींपैकी बहुतेक जणी एरवी आयटीत, बँकेत, कॉलेजात असतात.

वादन दिसते तितके सोपे नाही. ढोलाच्या एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. पुढे ताशा. ताशेवाला हाच खरा चालक. त्याच्या काड्यांच्या तर्रीवरून साठ-सत्तर ढोल एकदम थांबतात किंवा चाल बदलतात. टोल मधे वेळ धरून असतो. नवीन मुलाला पहिले काही दिवस ढोल देतच नाहीत. जमिनीवर किंवा टायरवर टिपरू मारायला लावतात. दोरी ताणण्याचे कामही त्यानेच करायचे. कातड्याचे पान पावसात बसते म्हणून हल्ली प्लॅस्टिकचे पान सर्रास आले आहे. त्याने गाज गेली, नुसता फटका उरला, असे जुने वादक म्हणतात. त्यांचे ऐकण्यासारखे आहे: ढोलाचा आवाज मोठा असणे आणि भरलेला असणे यांत फरक आहे, आणि रस्त्यावर सध्या पहिल्याचीच स्पर्धा चालते.

आता कायदा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकते. हे नियम कागदावरून रस्त्यावर यावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका गाजली ती ठाण्याच्याच डॉक्टरांची, डॉ. महेश बेडेकर यांची. न्यायालयाने 2016 साली दिलेल्या निकालाने मंडप आणि आवाज या दोन्हींबाबत महापालिका आणि पोलीस यांना जबाबदार धरले. म्हणजे ढोलाला वर्षातला नवा दिवस आणि आवाजाला कायद्याची वेसण, या दोन्ही गोष्टी याच पट्ट्यातून निघाल्या. हा विरोधाभास मुळीच नाही. दाटीने राहणाऱ्या माणसांना या दोन्ही गोष्टींची गरज सारखीच असते, कधी कधी एकाच माणसाला एकाच दिवशी.

पथकांना विचारले तर त्यांचे म्हणणे वेगळे असते. मर्यादा मान्य, पण सरावासाठी वस्तीपासून दूर अशी एक तरी जागा महापालिकेने नेमून द्यावी. ती नसल्यामुळे सराव पुलाखाली होतो, पुलाखाली आवाज घुमतो, घुमला की तक्रार होते, आणि ऐन गणपतीच्या तोंडावर पथक दुसरा पूल शोधत असते.

हळदीची रात्र

इमारती उभ्या राहायच्या आधी इथे गावे होती, आणि ती गेलेली नाहीत. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची 27 गावे, ठाणे खाडीच्या काठचे आगरी आणि कोळी पाडे. संगीताचा सगळ्यात जुना साठा त्यांच्याकडे आहे, आणि शहरातल्या रसिकांना त्याची सगळ्यात कमी माहिती आहे.

आगरी लग्नात पूर्वी भटजींच्या जागी धवलारीण असे. ती गावातली जाणती बाई. मांडवाची पहिली मेढ रोवण्यापासून हळद दळणे, हळद लावणे, पाणी आणणे ते लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे तिच्याकडे, आणि ते गाणे म्हणजेच विधी. मंत्र वेगळा नाही. गाणे संपल्याशिवाय पुढचे काम हलत नाही. सगळे तोंडपाठ, आगरी बोलीत. एकीने म्हणायचे, मागच्या दोघी-तिघींनी उचलायचे. चाल संथ, एकाच टप्प्यात फिरणारी, रात्रभर न थकता म्हणता येईल अशी. मराठी साहित्याच्या इतिहासात तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे आद्य म्हणून शिकवले जातात. तेही लग्नाचेच, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. विद्यापीठात ते अभ्यासक्रमाला असतात आणि त्याच जातीचे गाणे विद्यापीठाच्या पलीकडच्या पाड्यात एखाद्या सत्तरीच्या बाईच्या तोंडी असते. या दोघांची गाठ पडावी असे काही फारसे होत नाही.

धवलारिणीला जागेचा प्रश्न नव्हता. मांडव हीच तिची जागा होती. तिचा प्रश्न आवाजाचाच, पण दुसऱ्या टोकाने: मांडवात तिचा आवाज आता पोहोचतच नाही. हळदीची रात्र हा गावातला सगळ्यात मोठा सोहळा झाला आहे. जमिनींना भाव आले तशी हळद वाढली. आधी बँजो पार्टी आली, मग डीजे. भोवती स्पीकरची भिंत लागली की कुठली बाई आणि कुठला धवला? विधी आवरून घ्या, पुढे नाचायचे आहे, असे मुलेच सांगतात.

बँजो पार्टीला मात्र डीजेच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. इथला बँजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. लाकडी पेटीवर तारा आणि त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा, असे हे वाद्य. त्याचे मूळ जपानी ताइशोगोतो, जे 1912 साली तिकडे तयार झाले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून आले, त्याला पिकअप बसला, कर्णा लागला आणि ते गणपतीच्या, हळदीच्या मिरवणुकीतला मुख्य गायक बनले. वाजवणाऱ्याचा डावा हात कळांवर, उजव्या हातात तार छेडायची पट्टी. गायकीतल्या मुरक्या त्याला कळांवरून घसरत काढाव्या लागतात आणि उत्तम बँजोवाला कोळीगीताची ओळ अशी म्हणतो की शब्द ऐकू आल्याचा भास होतो. स्वरलिपी कुणालाच येत नाही. गाणे दोनदा ऐकायचे, तिसऱ्यांदा वाजवायचे. डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधव यांनी 2016 साली ‘बँजो’ नावाचाच हिंदी चित्रपट काढला तो याच मुलांवर. भिवंडीकडच्या संतोष चौधरी यांना ‘दादूस’ म्हणून महाराष्ट्र ओळखतो तो आगरी-कोळी गाण्यांमुळे. गाणे लोकप्रिय आहे, पैसाही आहे. पण हळदीचे दिवस मोजके. उरलेल्या महिन्यांत बँजोवाला रिक्षा चालवतो किंवा कंपनीत कंत्राटी कामाला असतो आणि पार्टीचे सामान कुणाच्या तरी ओट्यावर ताडपत्रीखाली पडलेले असते.

दहाचा ठोका

एप्रिल उजाडला की कल्याण पूर्व, उल्हासनगर, विठ्ठलवाडी या बाजूला भीमगीतांच्या कार्यक्रमांचे फलक लागतात. 14 एप्रिलला सुरू झालेला हंगाम मेअखेरपर्यंत चालतो. प्रल्हाद शिंदे यांचे घराणे कल्याणचे म्हणून ओळखले जाते. कीर्तन, कव्वाली, भक्तिगीत, भीमगीत हे सगळे एकाच गळ्यातून काढणारा तो गायक. पुढे मुलगे आनंद आणि मिलिंद, मग नातू आदर्श.

या गाण्याचा मूळ घाट रात्रभराचा. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब, पहाटेपर्यंत. पहिला तास नुसता श्रोते जमवण्यात जायचा, गायक तापायचा मध्यरात्रीनंतर. दहाची मर्यादा आली आणि घाटच बदलला. आता सातला सुरू करून दहाला थांबायचे, म्हणजे पहिल्या गाण्यापासूनच टिपेला. सवालाला जवाब शोधायला लागणारा अवकाश गेला. ठरलेली, गाजलेली गाणी ओळीने. आवाज कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमाने गाणे आणखी जोरात केले, असेही म्हणता येईल. नियम चुकीचा म्हणून नव्हे. पण कलाप्रकाराला बसलेल्या धक्क्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

छताची उंची

शिल्पकाराला आवाजाची तक्रार नसते, त्याला छत आड येते. कल्याणच्या सदाशिव साठे यांनी, म्हणजे भाऊ साठे यांनी, घरच्या गणपतीच्या कामातून मातीत हात घातला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि तिशीच्या आतच दिल्लीच्या टाउन हॉलसमोरचा गांधीजींचा पुतळा घडवला. गेट वे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच; 26 जानेवारी 1961 रोजी त्याचे अनावरण झाले. मुंबईला येणारा प्रत्येक पर्यटक त्या पुतळ्याखाली फोटो काढतो आणि तो करणारा कल्याणचा होता हे कल्याणकरांनाही अनेकदा ठाऊक नसते.

असा पुतळा करायचा म्हणजे आधी लोखंडी सांगाडा, त्यावर टनावारी माती. त्या मातीवरून प्लॅस्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी काढायचा, मग ओतकाम, मग ब्राँझचे तुकडे जोडून सांधे छिन्नीने मिटवायचे. यातली प्रत्येक पायरी उंच, हवेशीर, मागे सरून पाहता येईल अशा जागेशिवाय अशक्य. मागे सरणे फार महत्त्वाचे. अठरा फुटी घोडेस्वार चार फुटांवरून पाहिला तर घोड्याचे पोट तेवढे दिसते. भाऊंनी डोंबिवलीत शिल्पालय उभे केले, त्यात पुतळ्यांच्या प्रतिकृती, मुखवटे, व्यक्तिशिल्पे मांडली. 2021 साली वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले. शाळेच्या सहलीने लोणावळ्याला जाणाऱ्या किती बस या दाराशी थांबतात, हा प्रश्न शाळांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

दहावीपर्यंतचे कलावंत

शेवटी पुन्हा क्लास. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि या पट्ट्यात प्रारंभिक व प्रवेशिकेला मुलांची रीघ असते. शास्त्रीय कलांच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून ती वाढली. गुणांसाठी आलेले मूल गाण्यासाठी थांबत नाही, ही शिक्षकांची सार्वत्रिक खंत. मध्यमेनंतर वर्ग रिकामा होतो. विशारदपर्यंत एखादा पोहोचतो, अलंकारची गोष्टच सोडा.

तरीही काहींनी या लाटेतूनच वाट काढली आहे. बासरीवादक विवेक सोनार ठाण्यात बासरी उत्सव भरवतात तेव्हा लहान-मोठे शिष्य एकत्र बासरी वाजवताना दिसतात. त्यात शाळकरी मुलाशेजारी निवृत्त गृहस्थही असतात. डॉ. मंजिरी देव यांच्या कथक वर्गातून ठाण्यातल्या अनेक मुली शिकून गेल्या, आणि कथक नर्तक गोपीकृष्ण यांच्या नावाचा महोत्सव त्या गावात उभा राहिला.

क्लास चालवणाऱ्यांचे गणित मात्र रोकडे आहे. भाड्याचा गाळा परवडत नाही, घरच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून बॅच घ्यायची. सोसायटीची हरकत येऊ नये म्हणून तबल्याची बॅच संध्याकाळी सहा ते आठ, कारण त्या वेळी सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू असतो. घुंगरांची बॅच तळमजल्यावरच. महापालिकेच्या शाळा सुटल्यावर वर्ग रिकामे असतात. ते ठरलेल्या माफक भाड्याने संध्याकाळी मिळावेत, ही मागणी गाणारे, नाचणारे, नाटकवाले सगळे एकमुखाने करतात. दिवाळीनंतर लगेच परीक्षांचा हंगाम सुरू होईल. डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या राम मारुती रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणारी गर्दी पांगली की त्यातली बरीच मुले घरी जाऊन, खिडक्या लावून, कायदे-रेले घोकायला बसतील, आणि शिक्षक परीक्षेच्या दिवसासाठी एखाद्या शाळेचा हॉल मिळतो का याची चौकशी करत फिरत असतील.